पहिली ड्रिफ्टची गाडी

आज बंद मैदानात, पाणी मारलेल्या जमिनीवर, दोन जुन्या गाड्या चालवून पाहिल्या. ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळणात तिरकी चालवणं, शिकायला पहिली गाडी कुठली घ्यावी, हे कित्येक महिने डोक्यात घोळतंय.

आधी माझदा मिआटा, १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीतली. हलकी, चपळ, बसताक्षणी आवडली. पण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त २२६५ मिलिमीटर. मागची बाजू सुटली की ती विचार करायला वेळच देत नाही. स्टीअरिंग उलटं फिरवेपर्यंत गिरकी पूर्ण झालेली असते.

मग बीएमडब्ल्यू ई३६, नव्वदच्या दशकातली ३-सिरीज. व्हीलबेस २७०० मिलिमीटर, आणि हा फरक बुडाखाली जाणवतो. क्लच झटक्यात सोडला, मागची चाकं सावकाश घसरली आणि स्टीअरिंग आपोआप उलट्या दिशेला सरकू लागलं. ते घट्ट धरून ठेवायचं नसतं, बोटांतून सरकू द्यायचं आणि योग्य क्षणी पकडायचं. वाचलं शंभरदा होतं, तळहातांना आज कळलं.

शिकताना ताकदीच्या मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. ताकद चुका झाकते, वर टायर खाते. मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची गाडी हवी, आणि लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही ताकद पोचवणारी यंत्रणा, तर हवंच. ते नसेल तर वळणात आतलं चाक नुसतं गरगरतं, मागची बाजू सुटलेली टिकतच नाही.

मन ई३६ वर बसलंय. उद्या टॉर्च घेऊन पुन्हा जाणार, गाडीखाली शिरून मागच्या सस्पेन्शनच्या जोडांपाशी पत्र्याला तडे आहेत का ते बघायला.