खांदशेकणी

श्रावण वद्य चतुर्दशी, रात्री साडेनऊ

उद्या पोळा. आज बैलांचे खांदे शेकले.

दुपारी जोडी नाल्यावर नेऊन घासूनपुसून धुतली. आज जू नाही, कोळपणीचा डवरा नाही. संध्याकाळी आईनं तूप कोमट करून त्यात हळद कालवली, मी शेताच्या धुऱ्यावरून पळसाची पानं तोडून आणली. बाबा पान तुपात बुडवून सर्ज्याच्या खांद्यावर, बरोबर जू टेकतं तिथं, हलकेच दाबायचे. पहिल्या पानाला त्याची कातडी थरथरली. मग त्यानं मान खाली घातली नि डोळे मिटले.

शेकता शेकता बाबांचा हात थांबला. केस झडून काळ्या पडलेल्या घट्ट्याच्या कडेला चीर होती. बोटाच्या पेराएवढी.

"हे कवा झालं रे?"

मला सांगता आलं नाही. यंदा कपाशीत सगळे डवरे मीच हाकले. रोज सकाळी जू ठेवताना माझा हात तिथूनच जायचा. बाबा काहीच बोलले नाहीत. पान बाजूला ठेवून त्यांनी चिरेवर नुसतं हळद-लोणी लावलं. त्यांचं न बोलणंच लागलं मला.

उद्या झुली, बेगड, बाशिंगं, आंब्याच्या पानांचं तोरण, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, मग घरोघरी ओवाळणी नि पुरणपोळी. परवा मारबत, पीडा गावाबाहेर घालवायचा दिवस. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक १८८० च्या दशकापासून निघते. आमच्याकडं दाराला लावलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शिवेबाहेर टाकतात. लहानपणापासून मला हाच पोळा वाटायचा. आज वाटलं, सण खरा आजच्या संध्याकाळचा आहे. ज्याच्या खांद्यावर वर्ष काढलं, तो खांदा दिव्याच्या उजेडात नीट बघायचा, हात फिरवून बघायचा. म्हणून तर आधी खांदा नि मग जेवणाचं निमंत्रण. ट्रॅक्टर आल्यापासून गावात जोड्या कमी झाल्या, तरी ज्याच्या गोठ्यात आहे त्यानं हे चुकवू नये.

शेकणं झाल्यावर बाबांनी दोघांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी ते हे मोठ्यानं म्हणतात. आज सर्ज्याला जरा हळू म्हणाले.

जुवाला गुंडाळायला जुनं गोणपाट काढून ठेवलंय. पण चीर भरेपर्यंत सर्ज्याला जुंपायचं नाही. उरलेलं निंदण हातानं करू.