उसन्या मतांचा पक्ष

जर्मनीची मतपत्रिका हातात घेतली की आधी नजरेत भरतो तिचा वरचा उजवा कोपरा. तो छाटलेला असतो, नाहीतर त्याला भोक पाडलेलं असतं. अंध मतदाराला त्यावर साचा नेमका बसवता यावा, म्हणून. खाली दोन रकाने. डावा काळ्या शाईत, त्यात मतदारसंघातले उमेदवार. उजवा निळ्या शाईत, त्यात पक्ष. दोन्हीकडे एकेक फुली. आपल्यासारखं यंत्र नाही, बटण नाही. एफडीपी या उदारमतवादी पक्षाचा सगळा संसार त्या निळ्या रकान्यावर चालला, आणि आता त्याला राजकारणात जागा असावी का, हा वादही तिथूनच सुरू करायला हवा. नाहीतर आपण नुसते ‘उदारमतवाद चांगला की वाईट’ यावर घसा कोरडा करत बसतो.

23 फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एफडीपीला 4.3 टक्के मतं पडली. संसदेत जायला पाच टक्के लागतात, किंवा तीन मतदारसंघ थेट जिंकावे लागतात. एफडीपीकडे दोन्ही नव्हतं, म्हणून जागा शून्य. 2021 मध्ये याच पक्षाला 11 टक्क्यांच्या वर मतं होती. आकड्यांत सांगायचं तर 53 लाखांवरून साडेएकवीस लाखांवर घसरण; पाच टक्क्यांसाठी आणखी सव्वातीन लाखांच्या वर मतं हवी होती.

आता निळ्या रकान्याची गंमत. संसदेतलं बळ या दुसऱ्या मतावरच ठरतं. सीडीयू या मोठ्या मध्य-उजव्या पक्षाचा हुशार मतदार वर्षानुवर्षं काय करायचा? डावी फुली आपल्या सीडीयूच्या उमेदवाराला, उजवी एफडीपीला. कारण एफडीपी पाच टक्क्यांखाली गेली तर आपल्याच आघाडीचं बहुमत जातं. जर्मनीत याला ‘उसनी मतं’ असंच म्हणतात. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा व्यवहार, फक्त परत कधी मागायची नाही.

हा व्यवहार मोडला 2013 मध्ये. त्या जानेवारीत लोअर सॅक्सनी राज्यात एफडीपीला 9.9 टक्के मिळाले, त्यातली बरीच मतं सीडीयूच्या घरची. आणि सरकार मात्र एका जागेनं हातचं गेलं. सप्टेंबरच्या देशव्यापी निवडणुकीत सीडीयूनं स्पष्ट सांगितलं, यंदा उसनं नाही. एफडीपी 4.8 टक्क्यांवर अडकली, 1949 नंतर पहिल्यांदा संसदेबाहेर गेली. सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला भगिनी पक्ष सीएसयू यांना मिळून 631 पैकी 311 जागा मिळाल्या, बहुमताला पाच कमी. हात आखडता घेणाऱ्यालाच जोडीदार उरला नाही, आणि सीडीयूच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, मर्केल यांना मध्य-डाव्या एसपीडी पक्षाबरोबर संसार मांडावा लागला.

2023 च्या निवडणूक सुधारणेनं तर उसनवारीचं गणितच बिघडवलं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आता जागा 630 वर पक्क्या. मतदारसंघ जिंकला तरी पक्षाच्या दुसऱ्या मतांच्या हिश्शात ती जागा बसली पाहिजे, नाहीतर विजेता घरी. 2025 मध्ये असे 23 विजेते घरी बसले, त्यांतले 15 सीडीयूचे आणि 3 सीएसयूचे. म्हणजे आता सीडीयूच्या मतदारानं निळी फुली एफडीपीला दिली, तर त्याच्याच गल्लीतला निवडून आलेला उमेदवार बाहेर राहू शकतो. अशा नियमात कोण वाटी भरून देणार?

पक्षाचं दुसरं भांडवल होतं बिजागरीचं. संसदेत दोन मोठे आणि एक छोटा पक्ष असताना छोटा ज्याच्या बाजूला वळेल तिकडे दार उघडायचं. 1969 ला एसपीडीबरोबर, 1982 ला सीडीयूबरोबर. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला एसपीडीचे चॅन्सेलर श्मिट यांना हटवून त्याच मतदानात सीडीयूचे कोल यांना चॅन्सेलर केलं गेलं. जर्मन घटनेत नवा माणूस निवडल्याशिवाय जुना काढताच येत नाही. एफडीपीचे नेते गेन्शर तर 1974 पासून 1992 पर्यंत परराष्ट्रमंत्री राहिले, मधले दोनेक आठवडे सोडले तर. 2025 मध्ये अतिउजव्या एएफडी पक्षाला 152 जागा मिळाल्या आणि तिच्याशी कुणी आघाडी करत नाही. दारच वेगळं बसवलंय, जुनी बिजागरी कुठे लावणार?

मग उरतं तत्त्व. इथे माझं मत कडू आहे. एफडीपीत दोन घरं होती. एक नागरी स्वातंत्र्याचं: कायदामंत्री लॉयटहॉयसर-श्नारेनबेर्गर यांनी घरांत चोरून ध्वनिग्रहण करू देणाऱ्या कायद्याला विरोध म्हणून 1996 मध्ये पद सोडलं, आणि 2004 ला घटना न्यायालयानं त्या कायद्याचा मोठा भाग रद्द केला. दुसरं घर करकपातीचं. 2009 ला 14.6 टक्के मिळवून सत्तेत आल्यावर पक्षाची ठळक कामगिरी कोणती, तर 1 जानेवारी 2010 पासून हॉटेलच्या खोल्यांवरचा कर 19 वरून 7 टक्के. हॉटेल व्यवसायात पैसा असलेल्या एका उद्योगपतीच्या कंपनीकडून आलेल्या मोठ्या देणगीचा बभ्रा झाला आणि तो डाग पुसला गेलाच नाही. पहिलं घर भाड्यानं दिलं, दुसऱ्यात बिऱ्हाड थाटलं.

एसपीडी आणि ग्रीन पक्षाबरोबरच्या शेवटच्या सरकारातही तेच. कर्जाला लगाम घालणारा घटनेतला नियम धरून ठेवणं यात गैर काहीच नव्हतं; नोव्हेंबर 2023 ला घटना न्यायालयानं करोनासाठीच्या कर्जातल्या 60 अब्ज युरोंची हवामान निधीकडची वळवावळवी रद्द केली तेव्हा त्या नियमाचं वजन दिसलं होतं. पण 6 नोव्हेंबर 2024 ला चॅन्सेलर शोल्त्स यांनी एफडीपीचे अध्यक्ष आणि अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं, आणि महिनाअखेर कळलं की फाटाफुटीचा आराखडा पक्षाच्या कार्यालयात आधीच तयार होता. सरचिटणिसांना जावं लागलं. तत्त्वाचा माणूस म्हणून मिळणारी सहानुभूती तिथेच संपली.

आपल्या बडोद्यातल्या वाचकाला यात काय, तर बरंच काही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली पोरं आज आखेन-म्युनिकला शिकतात. नोकरी शोधायला वर्षभर येऊ देणारं गुणांचं ‘संधी कार्ड’ 1 जून 2024 पासून आलं, किमान 6 गुण लागतात. गुणपद्धतीचा आग्रह एफडीपीचा जुना. नागरिकत्वाची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणणारा कायदाही त्याच आघाडीचा. त्यात दुहेरी नागरिकत्व चालतं, पण भारताकडून चालत नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

आणि गुजरातेत याची आठवण जुन्या लोकांना असेल. राजाजी, मसानी यांचा स्वतंत्र पक्ष 1967 ला गुजरात विधानसभेत 168 पैकी 66 जागांवर होता, लोकसभेत 44. पुढच्याच लोकसभेत 8 उरल्या आणि 1974 ला पक्ष विलीन झाला. आपल्याकडे उसनी मतं देण्याची सोय नव्हती, म्हणून मरण लवकर आलं. एफडीपीला अजून थोडा श्वास आहे: देशपातळीवर अर्धा टक्का मतं मिळाली तरी सरकारी निधी सुरू राहतो.

निळ्या रकान्यात नावांचा क्रम त्या राज्यातल्या मागच्या निवडणुकीतल्या मतांवरून लागतो. देशभराच्या मतांत सीडीयू-सीएसयू एक धरली तर 2021 ला एफडीपी चौथी होती, 2025 ला सातवी. पुढच्या वेळी तिचं नाव शोधायला मतदाराला बोट बरंच खाली न्यावं लागेल.