निळ्या प्लेटवरची नारिंगी कड

चौथ्या दिवशी एकदाची दिसली! अर्ध्या निळ्याशार प्लेटवर, बुरशीच्या बाजूनं सरकत आलेली नारिंगी कड. ही कॅस प्लेट, म्हणजे क्रोम अझुरॉल एस हा रंग घातलेली चाचणीची प्लेट. तिच्यातलं लोह या रंगाशी बांधलेलं असतं तोवर ती निळी. बुरशीनं सोडलेल्या सिडेरोफोरनं, म्हणजे लोह पकडणाऱ्या रेणूनं, ते हिसकावलं की रंग पालटतो.

मातीत लोह कमी नसतंच. पण हवेच्या संगतीत ते गंजासारखं घट्ट बसतं, विरघळता विरघळत नाही. मग बुरशी हे छोटे रेणू बाहेर पाठवते आणि ते अशा गंजल्या रूपातल्या, म्हणजे फेरिक, लोहाला सहा बाजूंनी पकडून आणतात. १९५२ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ नीलँड्स यांनी काणीच्या बुरशीतून असाच एक रेणू, फेरिक्रोम, वेगळा केला होता.

माझ्या आधीच्या तीन प्लेटा मात्र निळ्याच राहिल्या. चूक माझीच, काचसामान आम्लानं धुतलं नव्हतं. काचेला चिकटलेलं किंचित लोह बुरशीला पुरलं असावं. आयतं मिळतंय म्हटल्यावर कोण राबेल? शिवाय कॅसमधला डिटर्जंट बुरशीला मानवत नाही, म्हणून आता अर्धी प्लेट साधी ओततो. बुरशी तिथे वाढते, रंग पलीकडे बदलतो.

उद्या ट्रायकोडर्मा, ही दुसरी बुरशी, लावायचाय. काचसामान आजच आम्लात बुडवलंय.