स्कॉटिश कंट्री डान्स पहिल्यांदा बघायला जाताय? एकच सेट धरा

सगळा हॉल एकदम बघायला गेलात तर नुसते गरगरणारे किल्ट दिसतील. त्यापेक्षा एकच सेट धरा. सेट म्हणजे चार जोड्या, समोरासमोर दोन रांगांत. वाद्यं वाजतात ते वरचं टोक. पुरुषांचा डावा खांदा तिकडे असतो. (पुरुषांच्या रांगेत बाई दिसली तर चूक समजू नका, पुरुष बहुतेक कमीच पडतात.) वरच्या टोकाची जोडी पहिली. नजर तिच्यावरच ठेवा.

आधी नुसता एक कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) वाजतो, त्यावर अभिवादन. मग 32 बारांचं (बार म्हणजे संगीतातला ठरावीक ठोक्यांचा गट) आवर्तन, बहुतेक नाचांत आठ वेळा. रील म्हणजे जलद चालीचा नाच, त्याचं एक आवर्तन साधारण 35 सेकंदांचं. स्ट्रॅथस्पे या संथ चालीच्या नाचाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आठ-आठ बारांचे चार तुकडे मनात मोजत राहा. कसलेले नाचणारे तुकडा संपता संपता नेमके जागेवर येतात, तबलजी समेवर यावा तसे.

‘51व्या डिव्हिजनचा रील’ लागला तर जागा सोडू नका. 1940 मध्ये जर्मनांच्या हाती लागलेल्या स्कॉटिश सैनिकांनी तो युद्धकैदेत रचला. दुसऱ्या तुकड्यात पहिली जोडी दोन कोपऱ्यांतल्या नाचणाऱ्यांचे हात धरून तिरकी रांग करते, तिसऱ्यात उलट्या दिशेची. दोन्ही मिळून स्कॉटलंडच्या झेंड्यावरची फुली होते. गॅलरी असेल तर हे वरून बघा, खालून फुली अर्धीच कळते.

चौथा तुकडा सहा जणांचं वर्तुळ (या नाचात एका वेळी तीनच जोड्या नाचतात): आठ पावलं डावीकडे, आठ परत. इथे हमखास फसतं. हात लांब ताणले की वर्तुळ मोठं होतं, आठव्या पावलाला वळता येत नाही, आणि पुढचं आवर्तन उशिरा सुरू होतं.

दुसरी ठरलेली चूक तिसऱ्या आवर्तनाच्या तोंडावर. प्रत्येक जोडीचा पुढाकार लागोपाठ दोन आवर्तनं, मग तिने सरकत तळाला जायचं. दमलेली जोडी तिथेच उभी राहते, नव्या पहिल्या जोडीला जागा मिळत नाही, आणि सगळा सेट हातवारे करून त्यांना खाली हाकलतो. बघायला मजा येते, हे कबूल.

कुणी हात पुढे करून बोलावलंच, तर रांगेच्या तळाशीच उभे राहा. मध्ये घुसणं उद्धटपणाचं समजतात. तीन जोड्यांच्या नाचात चौथ्या जोडीला पहिलं आवर्तन नुसतं बघायला मिळतं आणि पुढाकार थेट सातव्यात येतो. बूट मऊ तळव्याचे हवेत. टाच असलेले तर मुळीच नकोत, शेजाऱ्याच्या पायात गिली, म्हणजे पातळ चामड्याचा नाचाचा बूट असतो.