तुम्ही विचारलंत म्हणून: दाढ धातूची कशाला?

बांबोळीच्या डेंटल कॉलेजात किंवा कुठेही दाढेवर बसवायच्या सिरॅमिक कॅपची ताकद तपासायचं काम निघालं, की एक प्रश्न हमखास येतो: काढलेल्या खऱ्या दाढा असताना कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या, थ्रीडी प्रिंटरवर पावडर लेझरने थराथराने वितळवून, छापून कशाला घ्यायच्या?

कारण दोन खऱ्या दाढा कधीच सारख्या नसतात. एकीचं डेंटिन (इनॅमलखालचा दाताचा मुख्य थर) जून, दुसरीत डोळ्यांना न दिसणारी चीर. कॅप लवकर फुटली तर दोष कॅपचा की दाढेचा, ते कळत नाही. एकाच फाइलवरून सगळ्या दाढा छापल्या, की हा गोंधळ बराचसा मिटतो.

आकडे मात्र जपून वापरा. डेंटिनचा यंग मापांक (ताठरपणाचं माप) 18 गिगापास्कलच्या आसपास, कोबाल्ट-क्रोमचा 200 च्या वर. धातू खाली दबत नाही, म्हणून त्यावर कॅप जास्त भार पेलते. कॅप-कॅपची तुलना करा, पण ‘तोंडात इतके न्यूटन सोसेल’ असं कृपा करून लिहू नका. तोंडातल्याच्या जवळ जायचं असेल, तर जी-10 हे काचतंतू-इपॉक्सी डेंटिनच्या अधिक जवळचं.

छापताना दाढ मुळावर उभी ठेवा. मग शोल्डरची (कॅपची कड टेकते त्या दाढेभोवतीच्या ओट्याची) कड वर तोंड करून येते आणि सपोर्ट (छापताना आधार देणाऱ्या, नंतर काढायच्या काड्या) फक्त मुळाखाली लागतात. आडवी ठेवलीत तर सपोर्ट कडेवर येतात, आणि ते घासून काढताना नेमकी कडच जाते.

उभ्या ठेवण्याचीही किंमत आहे. थर 25-30 मायक्रॉनचे; चावण्याच्या बाजूला उतार कमी, तिथे पायऱ्या दिसतात. सिमेंटसाठी जागा जेमतेम 50 मायक्रॉन. एखादी पायरी किंवा चिकटलेला पावडरचा कण कॅपला आतून टेकला, की भार तिथेच एकवटतो आणि सिरॅमिकला तिथूनच तडा जातो. अशी तुटलेली कॅप पाहून लोक सिरॅमिकला नावं ठेवतात, हे मला खरंच खटकतं. म्हणून 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने सँडब्लास्ट करा, पण कड मेणाने झाकून. उघडी राहिली तर तिची धार गोल होते.

दाढा ज्या प्लेटवर छापल्या, तिच्यावरून त्या कापण्याआधी भट्टीत ताण काढून घ्यायचाच, नाहीतर लांब मुळं वाकतात. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात पावडर दमट होऊन गुठळ्या धरते आणि थरावर ओरखडे उठतात. डबा हवाबंद ठेवा, वापरण्याआधी पावडर सुकवून चाळा.

शेवटी प्रत्येक दाढ स्कॅन करून मूळ फाइलवर बसवून बघा. कडेपाशी फरक दिसला, तर ती दाढ चाचणीत घेऊ नका.