सोमवारचे बोंबील

"कंडक्टर साहेब, माझे पाच रुपये परत द्या."

सुट्ट्या पैशांवरून भांडण रोजचं, फाटक्या नोटेवरून आठवड्यातून एखादं. पण तिकीट काढून, जागा मिळून आरामात बसलेला माणूस पूर्ण भाडं परत मागतोय, हे बेस्टच्या नोकरीत सतरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. त्याने तिकीट माझ्या नाकासमोर धरलं. "यावर वेळ छापलीय बघा. आठ बावन्न. आता किती वाजले?"

नऊ चाळीस झाले होते. आठ बावन्नला आमची गाडी अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला एस. व्ही. रोडवर होती आणि नऊ चाळीसलाही एस. व्ही. रोडवरच होती. मधल्या काळात आम्ही चार दुकानांच्या पाट्या पुढे सरकलो होतो.

तारीख ७ नोव्हेंबर २०२२, वार सोमवार. त्या दिवसापासून अंधेरीचा गोखले पूल वाहनांना बंद झाला. १९७५ सालचा पूल. २०१८ च्या ३ जुलैला सकाळी त्याचा फुटपाथाचा भाग खाली रुळांवर कोसळला होता आणि पश्चिम रेल्वे कित्येक तास ठप्प होती, तेव्हापासून त्याच्याकडे सगळे संशयानेच बघायचे. धोकादायक ठरला तर बंद करायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पुलावरून रोज किती लोक आडवे जात होते, हे तो बंद झाल्यावर कळलं.

आडवे हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मुंबई उभी वसलेली आहे. पश्चिम रेल्वेचे रूळ उभे, हायवे उभा, एस. व्ही. रोड उभा. चर्चगेट-विरारच्या दिशेने जाणाऱ्याला दहा पर्याय. पश्चिमेकडून पूर्वेला जायचं म्हणजे कुठेतरी रूळ ओलांडायचे, आणि गाडीने ओलांडायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या भागात जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल, मग अंधेरी सबवे, मग गोखले, मग पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, त्याच्या दक्षिणेला सांताक्रूझचा मिलन सबवे. यातला मधला एक काढला की त्याच्यावरची सगळी वाहनं बाकीच्या चारांच्या अंगावर जातात. सकाळी डेपोत गाड्या सोडणाऱ्या स्टार्टरने सांगितलं, "गोखले बंद. पार्ल्यावरून फिरवा." चार शब्द. माझ्या जोडीदाराने, म्हणजे ड्रायव्हरने, मान डोलावली आणि जाताना पाण्याची दुसरी बाटली भरून घेतली. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी सीनियर होता.

आमची ट्रिप वर्सोव्याहून मरोळला. रोजचा हिशेब पन्नास मिनिटांचा. आठ पंचवीसला निघालो आणि अंधेरीपर्यंत काही वाटलंच नाही. अंधेरीला गाडी भरली. मी सटासट तिकिटं फाडत होतो. पाच रुपये, पाच रुपये, मरोळवाल्यांना दहा. स्टेशनच्या पुढे, बर्फीवाला रोडच्या तोंडाशी, जिथे एरवी आम्ही डावीकडे पुलावर चढतो तिथे बॅरिकेड. ट्रॅफिकचा हवालदार हाताने सरळ, सरळ असं दाखवत होता. सरळ म्हणजे इर्ल्याकडे, पार्ल्याच्या दिशेने. आणि सरळ जागाच नव्हती.

पाच रुपयेवाला पस्तिशीचा, गळ्यात सीप्झमधल्या कुठल्यातरी ऑफिसचं कार्ड. मी त्याला समजावलं, "साहेब, गाडी बंद पडली तर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवता येतं. ट्रॅफिकचे पैसे परत मिळत नाहीत. तिकीट अंतराचं असतं, वेळेचं नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला, "मग अंतर दाखवा."

मागचे चार जण हसले. मीही हसलो असतो, पण कंडक्टरने अशा वेळी हसायचं नसतं. हसलं की माणसं मोकळी होतात आणि मग सगळेच मागायला लागतात.

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी अंधेरी स्टेशनलाच द्यायला हवं होतं. साधी गोष्ट आहे. चालत्या माणसासाठी रूळ ओलांडायची वाट बंद नव्हती. स्टेशनचा पादचारी पूल तिथेच. पूर्वेला उतरून दुसरी बस धरली असती तर हा माणूस सव्वानऊला कार्ड पंच करून खुर्चीत बसला असता. मला हे माहीत होतं. तरी अंधेरीला माणसं चढत होती आणि मी त्यांना तिकिटं देत होतो, कारण सतरा वर्षं हाताला तीच सवय. चढला माणूस की तिकीट. शेवटी मी त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, "साहेब, उतरा आणि मागे स्टेशनला चालत जा. दहा मिनिटं लागतील." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पाच रुपयांची मागणी बरी होती. उतरला. त्याच्या मागोमाग आणखी पंधरा-वीस जण उतरले. गाडी तशीही उभीच होती. दोन स्टॉपच्या मध्ये दार उघडायचं नाही हा नियम चालत्या गाडीसाठी आहे, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं.

गाडी अर्धी रिकामी झाली आणि मग वास जाणवायला लागला.

मागच्या सीटजवळ वर्सोव्याची मावशी बसली होती. महिन्यातून वीस दिवस ती आमच्या गाडीला असते. मासळीची पाटी घेऊन आलेल्या बाईला काही कंडक्टर नाही म्हणतात. मी लगेजचं तिकीट घेऊन मागे बसवतो. तिची गिऱ्हाईकं मरोळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली, वर्षानुवर्षं ठरलेली. सोमवारी बाकीच्या कोळणी थोडा कमीच माल उचलतात, कारण आपल्याकडे अर्धी घरं सोमवार पाळतात. हिच्या गिऱ्हाइकांना सोमवार नाही. पण त्यांना दुपारचं जेवण आहे. अकराच्या आत मासळी दारात आली नाही तर त्या दिवशी अंडी.

"मास्तर," तिने मला खुणेने बोलावलं, "बघ जरा."

पाटीवरचं ओलं फडकं तिने बाजूला केलं. वर मांदेली, एका कोपऱ्यात कोलंबी, आणि खाली केळीच्या पानावर बोंबील. बर्फाचे तुकडे सकाळी मुठीएवढे असतील, आता बोराएवढे उरले होते. तिने एका बोंबलावर अंगठा ठेवला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. "ताजा असला का वर येतो," ती म्हणाली. "ह्यो आता येत नाय. मांदेली दुपारपर्यंत टिकंल. बोंबील टिकणार नाय."

पाटीखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी सीटखाली साचलं होतं. एरवी असं पाणी ब्रेक मारला की पुढे धावतं आणि गाडी सुटली की मागे येतं, लोक पाय वर घेतात आणि मला शिव्या घालतात. त्या दिवशी ते एका जागी थाळीसारखं उभं होतं.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पण उतरून पुलावरून जा ना."

"ही पाटी घेऊन जिनं चढू? गुडघं तू देणार?"

यावर काय बोलणार? मी पुढे गेलो. जोडीदार डाव्या गुडघ्यावर हात चोळत होता. जॅममध्ये ड्रायव्हरचा गुडघा क्लचवर जातो. दर दोन मिनिटांनी हातभर पुढे घ्यायची, परत न्यूट्रल. बॉनेटची धग अंगावर. आरशातून दाखवत म्हणाला, "मागे बघ." आमच्यामागे आमच्याच नंबरची दुसरी गाडी लागली होती, आणि तिच्यामागे तिसरी. आता पुढे मरोळला स्टॉपवर उभी असलेली माणसं अर्धा-पाऊण तास एकही गाडी येत नाही म्हणून आम्हाला शिव्या घालणार, आणि मग तीन गाड्या रांगेने येणार. पहिलीला खांबाला लटकून माणसं, तिसरी रिकामी. लोकांना वाटतं, कंडक्टर-ड्रायव्हर मिळून चहा पीत बसले होते.

मी मागे वळलो तर मावशीने पाटीचं झाकण मांडीवर उलटं घेऊन वाटे लावले होते.

गाडीत विक्री करायची नाही, हे मला तिला सांगायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत खिडकीजवळच्या एका काकू, ज्यांनी अर्धा तास नाकाला पदर लावला होता, त्या म्हणाल्या, "बोंबील कसे दिले?"

"काकू, आज सोमवार," कुणीतरी म्हणालं.

"मला कळतं सोमवार. मुलासाठी उद्याला."

"उद्या ग्रहण आहे," दुसऱ्या बाजूने आवाज. खरंच होतं, मंगळवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती आणि संध्याकाळी चंद्रग्रहण. यावर गाडीत जी चर्चा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. ग्रहणाच्या आधी शिजवलेलं चालतं का, वेध कधीपासून, हळद-मीठ लावून ठेवलेलं शिजवलेलं धरायचं की कच्चं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ग्रहन चंद्राला लागतंय. बोंबलाला माझ्या ह्यो रस्ता लागलाय." पहिला वाटा काकूंनी घेतला.

मग रांगच लागली. एका मुलाने फोन काढून स्कॅनर विचारला. मावशीकडे स्कॅनर नव्हता, पण तिच्या स्वतःच्या मुलाचा मोबाइल नंबर तोंडपाठ होता. तिघांनी त्यावर पैसे पाठवले. पाच मिनिटांत मुलाचा फोन, आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "आये, कुणाचे पैसे येतायत? तू हायस कुठं?"

"बशीत!"

ज्यांच्याकडे रोख होते त्यांच्याकडे मोठ्या नोटा होत्या, आणि सुट्टे फक्त एका माणसाकडे होते. बॅगेतले पैसे तिकिटाच्या हिशेबाचे, त्याला दुसऱ्या कारणासाठी हात लावायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी दहा-दहाच्या नोटा मोजून मावशीला दिल्या आणि तिच्या ओल्या शंभराच्या, एक पाचशेची, बॅगेत टाकली. रक्कम तेवढीच राहिली. कागदी पिशव्या संपल्या तेव्हा एकाने ऑफिसच्या डब्यातली पोळी-भाजी तिथेच खाऊन डबा रिकामा करून दिला.

इर्ल्याला पोहोचलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. बोंबील संपले होते. मांदेली आणि कोलंबी मावशीने मरोळसाठी राखून ठेवली. गोरे पूल चढताना जोडीदाराने दीड तासात पहिल्यांदा तिसरा गियर टाकला आणि सीटखालचं ते पाणी एकदम मागच्या दाराकडे धावलं. सगळ्यांनी पाय वर घेतले. कुणी काही बोललं नाही.

मरोळला अकरा पंचवीस. मावशी पाटी डोक्यावर घेऊन इतक्या वेगाने गेली की ज्या गुडघ्यांची तिने मला भीती घातली होती ते तिचेच का, असं वाटलं.

परतीच्या ट्रिपला मी सुधारलो. पश्चिमेला जायचंय? पूर्वेलाच उतरा, स्टेशनचा पूल चालत ओलांडा. प्रत्येकाला सांगत गेलो. बऱ्याच जणांनी ऐकलं, काहींना वाटलं कंडक्टरला काम नको. ती ट्रिप जवळजवळ रिकामी गेली. पुढे सव्वा वर्षाहून जास्त असंच चाललं. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा त्याला पश्चिमेकडून जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली आणि गोखले वर, दोघांची उंचीच जुळेना; त्यावर अंधेरीत जे विनोद झाले ते इथे लिहीत नाही. दुसरी बाजू उघडायला मे २०२५ उजाडला.

त्या दिवशी डेपोत कॅश भरायला गेलो. हिशेब पैशाला पैसा जुळला. कॅशियरने नोटांची गड्डी हातात घेतली, मोजता मोजता थांबला, एक नोट नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"काय रे, सोमवारी?"

"बोंबील," मी म्हटलं. "तेपण ताजे नव्हते."

त्याने पाचशेची नोट दोन बोटांत धरून पंख्याखाली वाळत ठेवली.