स्वस्त स्ट्रॅटचं काम: ब्रिज बसला, पिकगार्डपण बसला

लातूर-नांदेडकडच्या गिटारवाल्यांसाठी अपडेट देतो, स्ट्रॅट कॉपीचं (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची स्वस्त नक्कल) काम बरंच पुढं गेलंय आणि गिटार आता खरंच मस्त दिसायलीय.

आधी ब्रिजचं (बॉडीवर तारा जिथं बसतात तो धातूचा भाग), कारण खरी मेख तिथंच आहे. आपल्याकडं दुकानात तारा अन् पिक मिळतंय पण ब्रिज ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून ऑर्डरच्या आधी जुना ब्रिज काढून कॅलिपर लावायचाच. माझ्या बॉडीवर सहा स्क्रूपैकी पहिल्या अन् शेवटच्या भोकातलं अंतर 52.5 मिमी निघालं, जुन्या फेंडर मापाच्या ब्रिजला तेच 56 च्या आसपास असतंय, नुसतं "स्ट्रॅट टाइप" लिहिलेलं बघून घेतला तर बसतच नाही. दुसरं म्हणजे ब्लॉकची (ब्रिजखाली बॉडीत जाणारा धातूचा ठोकळा) उंची. स्वस्त गिटारची बॉडी बऱ्याचदा पातळ असती, पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर येतो, हे कुणी सांगतच नाही राव.

पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं कव्हर) 11 भोकांचा, तीन थरांचा घेतला (1954 च्या पहिल्या स्ट्रॅटला 8 भोकं अन् एकच थर होता, 11 वालं नंतर आलं). कॉपीवर सगळी भोकं जुळत नाहीत हे धरूनच चालायचं. नेक आणि ब्रिज जागेवर ठेवून फक्त दोन्ही ई तारा (सगळ्यात जाड अन् सगळ्यात बारीक) चढवल्या, त्या पिकअपच्या पोलवरून (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या टोकांवरून) सारख्या जातील असा पिकगार्ड सरकवला, टेपनं चिकटवला आणि मगच खुणा केल्या. जुन्या भोकात फेविकॉल लावून टूथपिक ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायचं, मग बारीक बिटनं नवीन भोक, स्क्रूला थोडा साबण. ब्रिजच्या प्लेटला पिकगार्डची कड घासत होती तिथं कानस मारली, नाहीतर ट्रेमोलो (ब्रिज हलवायची दांडी) दाबला की अडकतो आणि ट्यूनिंग जागेवर येत नाही. मोठ्या शाफ्टचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग) टाकणार असाल तर त्याची भोकंपण गोल कानशीनं हळूहळू मोठी करा, ड्रिल घातलं की प्लास्टिक तडकतंय.

आता इंटोनेशन (प्रत्येक तार सगळ्या फ्रेटवर सुरात येईल असं जुळवणं) चालूय. बाकी पाच तारा 12 व्या फ्रेटवर बरोबर येऊ लागल्यात, जाड ई अजून जरा शार्प (सुरापेक्षा वर) आहे, सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं घ्यायला स्प्रिंग आडवी येतीय, ती कापून बघतो. एमआयडीसीत कुणी लेथवर पितळी ब्लॉक करून घेतलाय का? किती पैसे लागले तेवढं सांगा.